वॉरंट निघालं, म्हणजे नेमकं काय निघालं?

मागच्या अंकात समन्सबद्दलचा एक प्रश्न घेतला होता. समन्स मिळूनही कोर्टात गेलं नाही तर वॉरंट निघू शकतं, एवढं एकच वाक्य त्या उत्तरात होतं. त्यावर नागपूरच्या वाचकांकडून आलेली पत्रं मात्र कोर्टापुरती राहिली नाहीत. कुणी कूलरच्या मोटारीची वॉरंटी विचारली, कुणी शेअर बाजारातलं वॉरंट, कुणी शेजाऱ्याचा वायुसेनेतला हुद्दा. शब्द पसरलाच आहे तेवढा. मुळात वॉरंट म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने दुसऱ्याच्या हाती दिलेला लेखी अधिकार. शासकीय मराठीत ‘अधिपत्र’. म्हणून कुठलंही वॉरंट समोर आलं की ते कुणी दिलं, कुणाला दिलं, काय करायला दिलं आणि कधीपर्यंत, एवढं आधी वाचावं.

चेक बाउन्सच्या केसमध्ये माझ्या दोन तारखा चुकल्या. एकदा मुलीला डेंग्यू झाला म्हणून मेडिकल हॉस्पिटलमध्ये होतो, दुसरी तारीख डोक्यातूनच गेली. आता वकील म्हणतात नॉन-बेलेबल निघालं. साळा म्हणतो, चेक बाउन्स हा जामीनपात्र गुन्हा आहे, त्यात अजामीनपात्र वॉरंट निघूच शकत नाही. कोण बरोबर? अन् आता घरी थांबू की कोर्टात जाऊ? (मानेवाडा)

वकील बरोबर आहेत, पण साळ्याचा गोंधळही समजण्यासारखा आहे. ‘जामीनपात्र’ हा एकच शब्द इथे दोन निराळ्या गोष्टींना लागतो.

गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे कायद्याच्या परिशिष्टावरून ठरतं. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षांची आहे, म्हणून तो गुन्हा जामीनपात्र. वॉरंटचा हिशेब वेगळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७२ प्रमाणे अटकेचं वॉरंट लेखी हवं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का हवा. कलम ७३ प्रमाणे न्यायालय त्याच वॉरंटवर शेरा मारू शकतं: इतक्या रकमेचा बंध (बाँड), इतके जामीनदार दिले आणि अमुक तारखेला हजर राहण्याचं कबूल केलं तर या माणसाला सोडा. शेरा असला की ते कोर्टाच्या बोलीत जामीनपात्र वॉरंट, नसला की अजामीनपात्र. फरक शेऱ्याचा आहे, गुन्ह्याचा नाही. आणि अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळणारच नाही असंही नव्हे. तो ठाण्यात मिळत नाही, कोर्टात मिळतो, एवढाच त्याचा अर्थ.

आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यालाही दाद दिली नाही तर अजामीनपात्र, असा क्रम सर्वसाधारणपणे ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एका निकालात सांगितलं. तुमच्या बाबतीत मधली पायरी गाळली गेली असेल तर वकिलांनी अर्जात ते जरूर लिहावं. पण तेवढ्या मुद्द्यावर विसंबून घरी बसू नका. वॉरंट शिळं होत नाही. ज्या न्यायालयाने काढलं ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं, मग मध्ये दोन वर्षं का जाईनात.

करायचं ते असं. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात सकाळीच वकिलांसह जायचं आणि दोन अर्ज द्यायचे: एक, प्रकरण आजच बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत घेण्याचा, दुसरा, कलम ७२ (२) खाली वॉरंट रद्द करण्याचा. दुसऱ्या अर्जासोबत मुलीचं डिस्चार्ज कार्ड आणि त्या तारखांची औषधांची बिलं लावा. दुसरी तारीख खरंच विसरला असाल तर तसंच लिहा. दोन्ही तारखांना आजारपण दाखवलं आणि कागद एकाच तारखेचा निघाला, की खरं कारणही खोटं वाटू लागतं. अर्जावर आदेश होईपर्यंत तुम्ही स्वतः कोर्टात उभे असणं महत्त्वाचं. पक्षकार बाहेर टपरीवर आणि वकील आत, अशा वेळी पुकारा झाला तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता वाढते.

न्यायालय बहुधा काही खर्च भरायला लावून वॉरंट रद्द करतं आणि नवा बंध मागतं. तेव्हा जामीनदार सोबतच न्या. त्याचं आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि मालकी दाखवणारा कागद, म्हणजे घरटॅक्सची चालू पावती किंवा सातबारा, सगळं मूळ प्रतीसकट. मागच्या वेळी जो तुम्हाला जामीन राहिला त्यालाही सांगून ठेवा. तुम्ही गैरहजर राहिल्याने त्याचा बंध जप्त होऊ शकतो आणि रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस त्याच्या घरी जाते (कलम ४९१). नात्यात वितुष्ट येतं ते बहुतेक या नोटिशीमुळे.

खरी चूक यानंतर होते. वॉरंट रद्द झालं म्हणून माणूस निवांत घरी जातो, पण ठाण्याच्या नोंदवहीत ते उभंच असतं. कोर्टाचं कळवणं ठाण्यात पोहोचायला वेळ लागतो आणि मध्येच एखाद्या रात्री दार वाजतं. रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाल्याचं आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्यावरून २०११ मध्ये न्यायालयाने वॉरंटची नोंदवही कशी ठेवावी, रद्द झालेलं वॉरंट परत कसं मागवावं, याच्या सूचना दिल्या. त्यावर भरवसा ठेवाच, पण आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा. एक प्रत ठाण्यात समन्स-वॉरंट पाहणाऱ्या अंमलदाराकडे देऊन दुसरीवर पोच घ्या आणि पोचेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

त्याआधीच पोलीस आले तर वॉरंट पाहायला मागा. मागितल्यावर ते दाखवणं कलम ७७ प्रमाणे त्यांना बंधनकारक आहे. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायालयापुढे उभं करावं लागतं. नागपूरच्या वॉरंटवर पुण्यात पकडलं तर आधी तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे नेतात, कारण वॉरंट काढणारं न्यायालय ३० किलोमीटरच्या आत नाही. घरातल्या बाईवर वॉरंट असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

पुढच्या वेळी तारखेला जमणार नसेल तर त्याच दिवशी पुकाऱ्याच्या आधी हजेरी माफीचा अर्ज वकिलाकरवी द्यायचा. दुपारनंतर दिलेल्या अर्जाला फारसा अर्थ राहत नाही. तोवर रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या नोंदीत, वॉरंटचा आदेश लिहून झालेला असतो.

‘वॉरंट केस’ म्हणजे ज्यात वॉरंट निघतं ती केस ना? (रविनगर)

नाही. ज्या गुन्ह्याला २ वर्षांपेक्षा जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते त्याचा खटला म्हणजे वॉरंट केस. बाकीच्या समन्स केस. हा फरक खटला कोणत्या पद्धतीने चालवायचा याचा आहे. वॉरंट केसमध्ये आरोपी समन्सवरच हजर होऊ शकतो, आणि वरच्या प्रश्नात पाहिलंच, चेक बाउन्स ही समन्स केस असूनही वॉरंट निघतं.

व्हॉट्सॲपवर माझ्या नावाचं वॉरंट आलं. लाल शिक्का, सही, केस नंबर, सगळं आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ म्हणून दोन दिवस घाबरवून राहिला. खातं ‘तपासणीसाठी’ रिकामं करून पैसे पाठवा म्हणतो. (सदर)

पैसे पाठवू नका, फोन बंद करा. पाठवले असतील तर याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब आहे.

‘वॉरंट ऑनलाइन येतच नाही, म्हणून हे खोटं’ असं सरसकट सांगितलं जातं. ते आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. नव्या संहितेच्या कलम ५३० ने समन्स आणि वॉरंट इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही काढायला वाट दिली आहे. तेव्हा कागद कुठून आला यापेक्षा तो काय करायला सांगतो ते पाहा. अटकेचं वॉरंट कुणाला उद्देशून असतं? ते बजावणाऱ्या पोलिसाला: अमुक माणसाला पकडून माझ्यापुढे आणा. तुम्हाला पैसे पाठवायला सांगणारं वॉरंट हा प्रकारच कायद्यात नाही, आणि कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवण्याची ‘डिजिटल अरेस्ट’ही नाही. अटकेला माणूस प्रत्यक्ष यावा लागतो.

तरी मनात शंका राहिली तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जिल्हा निवडून नावाने शोधा. खऱ्या प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो टाकला की पुढची तारीख दिसते. समोरच्याला तो क्रमांक विचारून पाहा. बहुतेक वेळा तिथेच आवाज चढतो.

दुकानाची झडती घ्यायला आले तर वॉरंट मागायचा हक्क आम्हाला आहे का? शेजारच्या दुकानात जीएसटीवाले आले, त्यांच्याकडे कोर्टाचा कागदच नव्हता म्हणतात. (इतवारी)

हक्क आहे, पण प्रत्येक झडतीला कोर्टाचा कागद लागतो असं नाही.

न्यायालयाचं झडती वॉरंट कलम ९६ खाली निघतं, चोरीच्या मालाच्या संशयावरून कलम ९७ खाली. त्यात कोणती जागा आणि कशासाठी हे पाहा. वॉरंट पहिल्या मजल्यावरच्या गोदामाचं असेल तर मागच्या राहत्या घराचं कपाट त्यात येत नाही, आणि हे तिथेच, शांतपणे, बोलून दाखवावं. तपास अधिकाऱ्याला तातडीच्या वेळी, कारणं लिहून ठेवून, वॉरंटशिवायही झडती घेता येते (कलम १८५). जीएसटीचं तर सगळंच वेगळं. त्यांच्या कायद्याच्या कलम ६७ खाली सहआयुक्त किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी लेखी अधिकार देतो. तो आयएनएस-०१ या नमुन्यात असतो. शेजाऱ्यांकडे कोर्टाचा कागद नव्हता हे बरोबर असेल, पण हा नमुना असायलाच हवा होता. तो वाचून घ्या: कुणाची सही, कोणत्या अधिकाऱ्याचं नाव, कोणता पत्ता.

पोलीस झडतीत त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, तटस्थ पंच लागतात. जागेच्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावं लागतं. जप्त वस्तूंची यादी जागेवरच करून पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि तिची प्रत तुम्हाला द्यायची (कलम १०३). नव्या संहितेने आणखी एक भर घातली आहे: झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, यादीवर सह्या होईपर्यंत, करावं लागतं (कलम १०५).

घोळ होतो तो यादीत. ‘हिशेबाच्या वह्या ५’ एवढंच लिहून सही घेतली, तर सहावी वही कुठे गेली याचा वाद पुढे तुमच्या गळ्यात पडतो. प्रत्येक वहीचं वर्ष, पहिलं आणि शेवटचं भरलेलं पान, मोबाइलचा आयएमईआय, पेन ड्राइव्हचा रंग आणि क्षमता, रोख असेल तर नोटा कितीच्या किती, असं लिहून घ्या. कोऱ्या ओळी आडवी रेघ मारून बंद करायला सांगा. अडवणूक मात्र करू नका. शटर ओढून घेणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

नवऱ्याने १४ महिन्यांची पोटगी थकवली आहे. वसुलीचं वॉरंट सगळ्या रकमेसाठी निघेल का? (जरीपटका)

आज अर्ज केलात तर शेवटच्या १२ महिन्यांसाठी. संहितेच्या कलम १४४ (पूर्वीचं १२५) प्रमाणे रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज हवा. आणखी एक महिना थांबलात तर आणखी एक हप्ता या मार्गातून सुटेल, म्हणून आणखी रक्कम साचू द्यायची नाही. सर्वात जुन्या दोन हप्त्यांसाठी दुसरा कोणता मार्ग आहे का, ते वकिलांना विचारा.

हे वॉरंट दंड वसूल करण्याच्या पद्धतीने चालतं: जंगम मालमत्ता जप्त करून विकणं, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकरवी जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली. बजावणीनंतरही रक्कम उरली तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी १ महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पैसे भरले की आधी सुटका. अर्जासोबत महिनावार तक्ता जोडा: देय तारीख, रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. आणि नवऱ्याचा आजचा पत्ता, कामाचं ठिकाण, गाडीचा क्रमांक द्या. वॉरंट बहुतेक वेळा फसतं ते ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ या एका ओळीने.

बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन आला तर घरातलं काय काय नेऊ शकतो? (नंदनवन)

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये न नेण्याच्या वस्तूंची यादीच आहे: नेसते-वापरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना. मंगळसूत्राला हात लावता येत नाही तो याच शब्दांमुळे. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, पोटापुरते बैल आणि बियाणंही सुटतं. पगारातून पोटगीशिवायच्या हुकूमनाम्यासाठी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. टीव्ही, फ्रिज, सोफा, दुचाकी मात्र जाऊ शकते.

डेथ वॉरंट राष्ट्रपती काढतात का? (काँग्रेसनगर)

नाही. राष्ट्रपती दयेच्या अर्जावर निर्णय देतात. वॉरंट काढतं फाशीची शिक्षा देणारं सत्र किंवा विशेष न्यायालय, आणि ते असतं तुरुंग अधीक्षकाच्या नावे. ३० जुलै २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली; वॉरंट मुंबईच्या टाडा न्यायालयाचं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका प्रकरणात घाईने काढलेली वॉरंटं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती: कैद्याला आधी नोटीस हवी, वकील हवा, वॉरंटवर नेमकी तारीख-वेळ हवी आणि त्याची प्रत त्याला मिळायला हवी. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीपूर्वी किमान १४ दिवस द्यावेत, हे २०१४ मध्येच ठरलं होतं.

एमपीएससीच्या पुस्तकात ‘को-वॉरंटो’ला अधिकारपृच्छा म्हटलंय. त्यात वॉरंट कुठे आलं? (महाल)

को-वॉरंटो हा न्यायालयाचा एक रिट, म्हणजे आदेश. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच ‘कोणत्या वॉरंटने?’ असा आहे, म्हणजे कोणत्या अधिकाराने. इतर ठिकाणी वॉरंट हातात असलेला माणूस दुसऱ्याला पकडतो. इथे खुर्चीवर बसलेल्यालाच न्यायालय विचारतं, तुझं वॉरंट दाखव. ‘पृच्छा’ हा शब्द म्हणूनच नेमका आहे, पुस्तकी वाटला तरी.

परीक्षेपुरतं: पद सार्वजनिक हवं, संविधानाने किंवा कायद्याने निर्माण झालेलं हवं, आणि बसलेला माणूस कायदेशीर पात्रतेविना बसलेला हवा. खासगी कंपनीच्या संचालकाविरुद्ध चालत नाही. अर्जदाराचं स्वतःचं नुकसान झालेलं असण्याची गरज नाही, हा यातला पुन्हापुन्हा विचारला जाणारा मुद्दा. नागपूरकराने अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात जायचं. अनुच्छेद ३२ ची वाट मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी आहे.

शेजारी वायुसेना नगरात वॉरंट ऑफिसर आहेत. त्यांना लोकांना अटक करायचा अधिकार असतो का? (गिट्टीखदान)

नाही हो. मोठ्या अधिकाऱ्याला राष्ट्रपतींचं ‘कमिशन’ मिळतं. त्याखालच्या अनुभवी माणसाला जुन्या पद्धतीत ‘वॉरंट’ने, म्हणजे नेमणुकीच्या अधिकारपत्राने हुद्दा मिळायचा. नाव तेव्हापासूनचं. ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर हे लष्करातल्या नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर यांच्या बरोबरीचे. कामठीहून सुटीवर निघालेला जवान ज्या ‘रेल्वे वॉरंट’वर प्रवास करतो तेही अधिकारपत्रच: याला तिकीट द्या, पैसे सरकार देईल.

कंपनीने प्रवर्तकांना वॉरंट दिले, अशी बातमी वाचली. आम्हाला पोस्टाने येणारं डिव्हिडंड वॉरंट तेच का? (रामदासपेठ)

दोन्हींचा संबंध नाही. डिव्हिडंड वॉरंट हा जवळपास चेकच: कंपनी आपल्या बँकेला सांगते, या भागधारकाला इतका लाभांश द्या. त्यावरची मुदत उलटली की बँक घेत नाही, कंपनीच्या शेअर निबंधकाकडे (रजिस्ट्रारकडे) लिहून पैसे मागावे लागतात. ७ वर्षं न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातो, आणि ७ वर्षं सलग घेतला नसेल तर त्या पाठोपाठ शेअरही. वडिलांच्या जुन्या फायलीत न वटवलेली वॉरंटं सापडली तर ती फेकू नका. फोलिओ क्रमांक त्यांच्यावरच असतो आणि आयईपीएफ-५ अर्जात तो लागतो.

बातमीतलं वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. सेबीच्या नियमाप्रमाणे प्राधान्य वाटपात, म्हणजे ठरावीक लोकांनाच ते देताना, २५ टक्के आधी भरायचे आणि १८ महिन्यांच्या आत उरलेले भरून शेअर घ्यायचे. भाव २०० रुपये ठरला आणि १,००० वॉरंट घेतले, तर आज ५०,००० आणि पुढे १,५०,०००. बाजारभाव १२० वर आला आणि हक्क सोडून दिला, तर ते ५०,००० कंपनीकडे जमा. ‘प्रवर्तकांनी २ लाख घातले’ असं कुणी या बातमीवरून सांगितलं तर विचारा, भरलेत की भरणार आहेत?

मी भाषांतराची कामं घेतो. इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणून आला की अडतो. आणि लिहायचं वॉरंट, वारंट की वॉरन्ट? (धरमपेठ)

क्रियापदात ‘अधिकार’ मागे पडतो आणि ‘पुरेसं कारण असणं’ पुढे येतं. परिस्थिती कारवाईला ‘वॉरंट करते’ असं म्हणायचं असेल तर मराठीत ‘कारवाई करण्याजोगी परिस्थिती आहे’ किंवा नुसतं ‘कारवाई करायलाच हवी’. ‘अनवॉरंटेड’ला संदर्भाप्रमाणे अनाठायी, विनाकारण, नाहक. टीका अनाठायी असते, त्रास नाहक असतो; अदलाबदल केली की कानाला खटकते. करारातल्या ‘रिप्रेझेंट्स अँड वॉरंट्स’साठी ‘कथन करतो व हमी देतो’ हे चालतं, दोन्ही क्रिया ठेवूनच; कोर्टात त्या दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

लिहिताना वॉरंट, नपुंसकलिंगी: ते वॉरंट, ती वॉरंटं. शेअर बाजारातले लोक ‘ते वॉरंट दिले’ असं पुल्लिंगी बोलतात; वरच्या उत्तरात आम्हीही तसंच ठेवलं. बोलताना नागपूरकर ‘वारंट निघालं’च म्हणणार, आणि संवादात तेच लिहावं.

कूलरवर ‘मोटारीची २ वर्षं गॅरंटी’ असं दुकानदार तोंडी म्हणाला. दुसऱ्याच मे महिन्यात मोटार जळाली. आता म्हणतो ती वॉरंटी होती, अन् तीही कंपनीची, माझी नाही. (हुडकेश्वर)

‘गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून’ ही बाजाराची वाटणी आहे, कायद्याची नव्हे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत ‘व’ राहिला, दुसरीत त्याचा ‘ग’ झाला आणि इंग्रजीने दोन्ही उचलले. कायद्यात ‘गॅरंटी’ म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं (भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम १२६). वस्तूच्या बाबतीत मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम १२ पाहायचं. त्यात शर्त मोडली तर माल परत करता येतो आणि वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते. तेव्हा दुकानदाराने शब्द कोणता वापरला यावर अडू नका, कार्डावर काय लिहिलंय ते वाचा.

आपल्याकडच्या लोखंडी कूलरमध्ये अडचण वेगळीच असते. बॉडी इथल्या फॅब्रिकेटरची, मोटार एका कंपनीची, पंप दुसऱ्याचा, वुडवूल सुटं. आणि बिलावर ‘कूलर १ नग’. मोटारीच्या कंपनीला तुमची मोटार कधी विकली गेली हे दाखवायला मग कागदच उरत नाही. बिलावर मोटारीचं नाव आणि तिच्या पट्टीवरचा अनुक्रमांक, पंपाचं नाव आणि विक्रीची तारीख हातानेच का होईना, लिहून सही-शिक्का घ्यायचा. तुमच्याकडे निदान कार्ड असेल तर मोटारीवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहा.

मोटार उघडू नका. गल्लीतल्या मेकॅनिककडून एकदा वाइंडिंग करून घेतलं की वॉरंटी संपलीच समजा. नागपुरात मोटार जळते ती बहुधा खाऱ्या पाण्याच्या थराने बुश धरून बसल्याने, किंवा विजेच्या कमी दाबात ती अडून-अडून फिरल्याने. मेच्या दुपारी दोन्ही एकदम होतं. मोटार हाताने फिरवून पाहिली आणि जड लागली, तर कंपनीचा माणूस ‘देखभाल नीट नाही’ लिहू पाहील. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या. टाकी कोरडी असताना चालून जळालेला पंप, कुजलेलं वुडवूल आणि गंजलेली बॉडी बहुतेक कार्डांत वगळलेलीच असते.

दुकानदार ‘माझी नाही’ म्हणाला तरी माल त्याने विकला आहे. त्याला आणि मोटारीच्या कंपनीला, दोघांनाही १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग: दोघांना विरुद्ध पक्ष करायचं, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. तोवर जळालेली मोटार भंगारवाल्याला देऊ नका.